एडवर्ड्स डेमिंग: अजाइल करूनही फायदा का होत नाही, याचं उत्तर आधीच देऊन गेलेला माणूस



आज नवीन टूल नाही, नवीन फ्रेमवर्क नाही. आज एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. हा माणूस १९०० साली जन्मला आणि १९९३ साली गेला. अजाइलचा जाहीरनामा आला २००१ मध्ये, म्हणजे तो वाचायला ते हयातही नव्हते. तरीही तुमच्या कंपनीत स्प्रिंट, स्टँड-अप, रेट्रो सगळं चालू असेल आणि हाताला काही लागत नसेल, तर या माणसाची ओळख करून घ्याच. त्यांचं नाव विल्यम एडवर्ड्स डेमिंग.

मी त्यांच्यापर्यंत कशी पोचले ते आधी सांगते, कारण ती माझ्या चुकीची गोष्ट आहे.

काही वर्षांपूर्वी मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड होते. आमच्याकडे अजाइल अगदी थाटात आलं. दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लागल्या, रोज सकाळी सव्वादहाला सगळे गोल करून उभे राहायला लागले. पण ग्राहकाने मागितलेली गोष्ट त्याच्या हातात पडायला आधी जितका वेळ लागायचा तितकाच आताही लागत होता. वरून विचारणा व्हायची आणि मी खाली आकडे दाखवायचे. त्यासाठी मी एक तक्ता केला: दर स्प्रिंटला कोणी किती टिकेट्स संपवली. त्या तक्त्यात आमचा एक टेस्टर कायम तळाशी असायचा. वर्षअखेरीला त्या तक्त्याच्या आधारावर मी त्याला खालचं रेटिंग दिलं. दोन महिन्यांनी तो सोडून गेला.

त्याच्या जागी आलेली मुलगी हुशार होती. तीन स्प्रिंटमध्ये तीही तळाशी गेली! तेव्हा माझी ट्यूब पेटली. माणूस बदलला, आकडा बदलला नाही. मग दोष माणसाचा होता का? हा प्रश्न घेऊन वाचायला बसले, तेव्हा डेमिंग भेटले.

गरिबीतलं बालपण

डेमिंग यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९०० चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या सू सिटी गावचा. पुढे त्यांचं कुटुंब वायोमिंगमध्ये पॉवेल नावाच्या नव्याने वसत असलेल्या गावात गेलं. सरकारकडून जमीन मिळाली होती, पण शेतीतून फारसं काही पिकत नव्हतं. डांबरी कागद लावलेल्या खोपटात हे लोक राहिले, आणि तिथली थंडी तर हाडं गोठवणारी. लहानपणीच एडवर्ड्सने हॉटेलात पडेल ते काम केलं, गावातले रस्त्यावरचे दिवे लावायचं काम केलं. आई पियानो शिकवायची. संगीताची आवड तिथून आली आणि ती आयुष्यभर टिकली.

१९२१ मध्ये वायोमिंग विद्यापीठातून ते इलेक्ट्रिकल इंजिनियर झाले. नंतर कोलोरॅडोमधून मास्टर्स, आणि १९२८ मध्ये येल विद्यापीठातून गणिती भौतिकशास्त्रात पीएचडी. म्हणजे मूळचा माणूस इंजिनियर आणि पदार्थविज्ञानवाला. मॅनेजमेंटचा गुरू वगैरे व्हायचं त्यांच्या डोक्यातही नसावं.

श्युहार्ट भेटले आणि नजर बदलली

येलला शिकत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात काम केलं. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हा अवाढव्य कारखाना टेलिफोनचं सामान बनवायचा आणि तिथे हजारो माणसं कामाला होती. तिथली पद्धत साधी होती: आधी माल बनवायचा, मग शेवटी तपासणाऱ्यांची फौज बसवून खराब माल बाजूला काढायचा.

याच उद्योगसमूहाच्या संशोधन शाखेत वॉल्टर श्युहार्ट नावाचे शास्त्रज्ञ होते. पुढे बेल प्रयोगशाळा म्हणून जी प्रसिद्ध झाली, तीच ही शाखा. मे १९२४ मध्ये श्युहार्ट यांनी आपल्या वरिष्ठांना एक छोटं टिपण पाठवलं. त्यात एक आलेख होता. आज त्याला आपण कंट्रोल चार्ट म्हणतो. डेमिंग यांची आणि श्युहार्ट यांची ओळख झाली ती १९२७ च्या सुमारास, डेमिंग वॉशिंग्टनला कृषी खात्यात नोकरीला लागल्यावर. श्युहार्ट यांचं लिहिणं समजायला कठीण होतं. डेमिंग यांनी ते समजून घेतलं, १९३८ मध्ये त्यांची व्याख्यानं आयोजित केली आणि पुढच्या वर्षी ती संपादित करून पुस्तक काढलं.

श्युहार्ट यांची कल्पना आपल्या भाषेत सांगते. समजा तुम्ही रोज कोथरूडहून हिंजवडीला जाता. कधी ५५ मिनिटं लागतात, कधी ७५. यात नवल काही नाही. सिग्नल, पाऊस, समोरचा टेम्पो अशी शंभर छोटी कारणं त्यात मिसळलेली असतात. हा झाला नेहमीचा चढउतार. एक दिवस रस्त्यात झाड पडतं आणि तीन तास लागतात. हे झालं खास कारण.

दोन्हीवर उपाय वेगळे. झाड पडलं तर झाड हटवा, संपलं. पण ५५ चे ७५ झाले म्हणून ड्रायव्हरला झापून काय उपयोग? उद्या ६० मिनिटं लागली की तुम्हाला वाटेल, झापल्याचा परिणाम झाला. प्रत्यक्षात तो नेहमीचाच चढउतार आहे. ७५ खरोखर कमी करायचे असतील तर रस्ता बदला, वेळ बदला, घर बदला. म्हणजे व्यवस्था बदला. आणि व्यवस्था बदलणं ड्रायव्हरच्या हातात नसतं.

हे वाचलं आणि मला माझा तक्ता आठवला. मी दर दोन आठवड्यांनी ड्रायव्हरला झापत होते.

तुमच्या स्प्रिंटच्या आकड्यांवर हे कसं लावायचं

इथे जरा थांबून हिशोब करूया. उदाहरणासाठी दहा स्प्रिंटचे आकडे घेऊ: ३१, २७, ३४, २९, ३६, २८, ३३, ३०, २६, ३५. सरासरी येते ३०.९.

आता लागोपाठच्या दोन आकड्यांमधला फरक काढा. ३१ आणि २७ मध्ये ४, २७ आणि ३४ मध्ये ७, असं करत शेवटपर्यंत जा. या नऊ फरकांची सरासरी येते साधारण ५.८. तिला २.६६ ने गुणा, म्हणजे १५.४. हे सरासरीत मिळवलं की वरची मर्यादा ४६.३, वजा केलं की खालची मर्यादा १५.५.

अर्थ काय? या टीमचा आकडा साधारण १६ ते ४६ च्या मध्ये कुठेही आला तरी एकेका स्प्रिंटवरून निष्कर्ष काढू नका. २६ आला म्हणून मीटिंग बोलवायची गरज नाही, ३६ आला म्हणून पेढेही वाटू नका. दोन्ही एकाच व्यवस्थेतून आलेत. मर्यादेच्या बाहेर आकडा गेला, किंवा सलग सात-आठ आकडे सरासरीच्या एकाच बाजूला पडले, तर मात्र काहीतरी बदललंय, ते शोधा. एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम आहे.

युद्धात शिकवलं, आणि सगळं विरून गेलं

१९३९ मध्ये डेमिंग जनगणना खात्यात गेले. १९४० च्या अमेरिकन जनगणनेत पहिल्यांदाच काही प्रश्न सगळ्यांना न विचारता निवडक लोकांना विचारले गेले. त्या नमुना पद्धतीच्या मागे जे संख्याशास्त्रज्ञ होते त्यांत डेमिंग प्रमुख होते. शिवाय खात्यातल्या कारकुनी कामातल्या चुका कमी करायला त्यांनी श्युहार्टचीच पद्धत वापरली. कारखान्यासाठी बनलेली गोष्ट ऑफिसच्या कामालाही लागू पडते, हे तिथे दिसलं.

मग दुसरं महायुद्ध आलं. कारखान्यांवर प्रचंड ताण होता. १९४२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी सल्ला विचारला, तेव्हा डेमिंग यांनी सुचवलं की इंजिनियर आणि तपासनीसांना थोड्या दिवसांचे वर्ग घेऊन या पद्धती शिकवूया. वर्ग सुरू झाले, देशभर पसरले, हजारो लोक शिकले. कारखान्यांत आलेख लागले, वाया जाणारा माल कमी झाला.

युद्ध संपलं आणि काही वर्षांतच ते आलेख भिंतींवरून गायब झाले. झालं असं की बाकीच्या जगातले कारखाने उद्ध्वस्त झाले होते आणि अमेरिकेत बनेल ते विकलं जात होतं. मग दर्जाची चिंता कोण करतो? पण डेमिंग यांना नंतर कळलेलं कारण यापेक्षा खोल होतं. त्यांनी शिकवलं होतं ते इंजिनियर लोकांना. कंपनी चालवणारे त्या वर्गात नव्हतेच. त्यामुळे आलेख काय सांगतो ते वरच्यांना कळलं नाही, आणि खालच्यांना कळलं तरी बदलायचा अधिकार नव्हता.

मंडळी, हा परिच्छेद पुन्हा वाचा आणि आलेखाच्या जागी स्प्रिंट हा शब्द घाला. टीमला ट्रेनिंग दिलं, साहेब लोक मात्र जुन्याच पद्धतीने तारखा, बजेट आणि रेटिंग ठरवत राहिले. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं.

जपानमध्ये चूक सुधारली

१९४७ मध्ये डेमिंग पहिल्यांदा जपानला गेले, तेही जनगणनेच्या तयारीत मदत करायला. देश बेचिराख झालेला होता. जपानी मालाची तेव्हा जगात ख्याती होती ती स्वस्त आणि फुटक्या मालाची. तिथल्या शास्त्रज्ञ आणि इंजिनियर लोकांच्या संघटनेने श्युहार्टच्या पद्धतींचा अभ्यास आधीच सुरू केला होता. संघटनेचे केनिची कोयानागी यांनी डेमिंग यांना वर्ग घ्यायला बोलावलं.

१९५० च्या उन्हाळ्यात ते गेले. वर्ग खच्चून भरले. पण डेमिंग यांना धास्ती होती की अमेरिकेत झालं तेच इथे होईल. पुन्हा इंजिनियर शिकतील आणि पुन्हा विरून जाईल. म्हणून त्यांनी कंपन्यांच्या प्रमुखांना भेटायचं आहे असा आग्रह धरला. उद्योगजगतात मोठं वजन असलेले इचिरो इशिकावा त्या संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांनी निमंत्रणं पाठवली आणि जुलै महिन्यात टोकियोत २१ बडे उद्योगपती जेवायला जमले.

डेमिंग यांनी त्यांच्यासमोर एक आकृती मांडली. एका टोकाला कच्चा माल देणारे, मध्ये उत्पादनाचे टप्पे, दुसऱ्या टोकाला ग्राहक, आणि ग्राहकाकडून परत डिझाइनकडे येणारा बाण. आज आपल्याला यात काय विशेष असं वाटेल. पण त्यातून दोन गोष्टी निघतात. एक, कारखाना म्हणजे वेगवेगळी खाती नाहीत, ती एक सलग व्यवस्था आहे. दोन, ग्राहकाने काय अनुभवलं ते परत आल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. आणि ही सगळी व्यवस्था ज्यांच्या हातात आहे ते त्या टेबलाभोवतीच बसले होते.

त्यांनी तेव्हा असंही भाकीत केलं की पाच वर्षांत जगाच्या बाजारात जपानी मालाला मागणी येईल. ते ऐकून अनेकांना खरं वाटलं नव्हतं.

व्याख्यानांच्या छापील प्रतीची रॉयल्टी डेमिंग यांनी संघटनेलाच देऊन टाकली. त्या पैशांच्या आधाराने १९५१ मध्ये डेमिंग पारितोषिक सुरू झालं, ते आजही दिलं जातं. १९६५ मध्ये ते टोयोटाला मिळालं. आपल्या महाराष्ट्राशीही याचा धागा आहे बरं का: २००३ मध्ये मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्र कंपनीच्या शेती अवजार विभागाला, म्हणजे ट्रॅक्टरवाल्यांना, हे पारितोषिक मिळालं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जपान वर आला तो एकट्या डेमिंगमुळे नाही. जोसेफ ज्युरन १९५४ मध्ये तिथे गेले आणि मॅनेजमेंटचा भाग शिकवला. काओरु इशिकावांसारख्या जपानी लोकांनी हे सगळं कामगारांपर्यंत नेलं. टोयोटाची उत्पादन पद्धत ताइची ओनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं घाम गाळून उभी केली. डेमिंग यांनी योग्य वेळी योग्य लोकांसमोर बी टाकलं, असं म्हणणं बरोबर ठरेल. जपानने ते मानलं आणि १९६० मध्ये सम्राटाच्या नावाने त्यांना मोठा सन्मान दिला.

रेट्रो म्हणजे तपासणी नव्हे, अभ्यास

डेमिंग यांनी जपानला एक चक्रही दिलं. ठरवा, करून बघा, काय झालं ते पाहा, त्यानुसार बदला, आणि पुन्हा सुरुवात करा. मूळ कल्पना श्युहार्टची होती म्हणून डेमिंग त्याला कायम श्युहार्टचं चक्र म्हणत. जपानी लोकांनी त्यातल्या तिसऱ्या पायरीला तपासणी असं नाव दिलं. डेमिंग यांना तो शब्द कधीच पटला नाही. त्यांना तिथे अभ्यास हा शब्द हवा होता.

फरक किरकोळ वाटतो, पण तो नाही. तपासणीत उत्तर हो किंवा नाही असं येतं: टिकेट झालं का, झालं. अभ्यासात आधी अंदाज बांधावा लागतो: हा बदल केला तर अमुक होईल असं मला वाटतं. मग झालं काय ते पाहून आपला अंदाज कुठे चुकला ते शोधायचं. अंदाजच बांधला नसेल तर शिकणार काय? आमच्या रेट्रोमध्ये काय चांगलं झालं, काय वाईट झालं याच्या चिठ्ठ्या लागायच्या, फोटो निघायचा, आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच चिठ्ठ्या. आम्ही चक्र फिरवतच नव्हतो, जागेवर गरगरत होतो.

आपल्याच देशाला ७९ व्या वर्षी सापडले

तिकडे जपानमध्ये मान आणि इकडे घरी कुणी ओळखत नाही, अशी डेमिंग यांची अनेक वर्षं गेली. न्यूयॉर्कमध्ये विद्यापीठात शिकवत आणि वॉशिंग्टनमधल्या आपल्या घराच्या तळघरात बसून संख्याशास्त्राचा सल्ला देत. पत्नी लोला स्वतः गणितज्ञ होत्या आणि त्यांच्या कामात त्यांची मोठी साथ होती.

२४ जून १९८० ला एनबीसी वाहिनीवर एक माहितीपट लागला. जपानला जे जमतं ते आपल्याला का जमत नाही, हा त्याचा विषय होता. निर्मात्या क्लेअर क्रॉफर्ड-मेसन यांना शोधता शोधता कळलं की ज्या माणसाला जपान मानतं तो आपल्याच शहरात राहतो. कार्यक्रम संपला आणि डेमिंग यांचा फोन वाजायला लागला तो थांबेना. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते.

बोलावणाऱ्यांत फोर्ड कंपनी होती. तिचा तोटा अब्जावधी डॉलरचा झाला होता. फोर्डच्या लोकांना वाटलं असणार की हे गृहस्थ गाडीचा दर्जा सुधारायच्या युक्त्या सांगतील. डेमिंग बोलायला लागले ते मॅनेजमेंटबद्दल, म्हणजे समोर बसलेल्यांबद्दल. पण डोनाल्ड पीटरसन यांनी ते मनावर घेतलं. खाती एकमेकांकडे कागद फेकण्याऐवजी एकत्र बसायला लागली आणि त्यातूनच टॉरस ही गाडी आली. डिझाइनवाले, कारखान्यातले, माल पुरवणारे, सगळे सुरुवातीपासून एका टीममध्ये. १९८६ मध्ये फोर्डचा नफा जनरल मोटर्सपेक्षा जास्त झाला, आणि १९२० च्या दशकानंतर असं पहिल्यांदाच घडलं होतं.

उतारवयात त्यांनी चार-चार दिवसांची शिबिरं घेतली. स्वभाव तापट, आवाज घोगरा आणि मोठा. बड्या अधिकाऱ्याने वरवरचा प्रश्न विचारला तर भर सभेत खरडपट्टी निघायची. पुढे पुस्तकात त्यांनी मॅनेजमेंटसाठी १४ मुद्दे मांडले. त्यांतले काही आजही अंगावर येतात: माणसांच्या मनातली भीती काढा, खात्यांमधल्या भिंती पाडा, शेवटच्या तपासणीवर विसंबू नका, घोषणा आणि आकड्यांची टार्गेट्स बंद करा, वार्षिक रेटिंगही बंद करा. संस्थेतल्या अडचणींपैकी ९४ टक्के व्यवस्थेतून येतात असा त्यांचा अनुभवावरचा अंदाज होता.

लाल मणी

त्यांच्या शिबिरातला एक प्रयोग फार प्रसिद्ध आहे. एका पेटीत ४,००० मणी, त्यात ८०० लाल आणि बाकीचे पांढरे. श्रोत्यांतून सहा कामगार निवडायचे. त्यांनी ५० खळ्यांची फळी पेटीत बुडवून मणी उचलायचे. ग्राहकाला पांढरेच हवेत, लाल म्हणजे खराब माल. साहजिकच प्रत्येक वेळी दहाच्या आसपास लाल येतात, कधी ५, कधी १५. डेमिंग साहेबाची भूमिका करत. कमी लाल आले त्याचं कौतुक, जास्त आले त्याला ताकीद, मग भिंतीवर घोषणा, मग तळाच्या तिघांना कामावरून काढणं. लोक पोट धरून हसायचे. आणि हळूहळू लक्षात यायचं की आपण ऑफिसात रोज हेच करतो.

मी तुळशीबागेतून मणी आणले. ४०० पांढरे, १०० लाल. टीमला आणि आमच्या डिलिव्हरी मॅनेजरना बोलावलं. डोळे मिटून प्रत्येकाने २० मणी काढायचे. कुणाला १ लाल आला, कुणाला ७. मॅनेजरसाहेबांनी गमतीत एकवाल्याला चॉकलेट दिलं. पुढच्या फेरीत त्यालाच ६ आले. सगळे हसले.

मग मी स्क्रीनवर माझा जुना तक्ता लावला. शेजारी दुसरा तक्ता: त्या सोडून गेलेल्या टेस्टरची टिकेट्स नेमकी कुठे अडकली होती. बहुतेक दिवस ती टेस्टिंगचं एन्व्हायर्नमेंट मोकळं व्हायची वाट बघत पडून होती. तीन टीम मिळून एकच एन्व्हायर्नमेंट, आणि त्यात बदल करायला दुसऱ्या खात्याची परवानगी. त्याच्या पेटीत लाल मणी आम्हीच भरून ठेवले होते. खोलीत कुणी हसलं नाही.

डेमिंग ते अजाइल

अजाइलशी याचा संबंध कसा, ते थोडक्यात. जपानी कंपन्या नवं उत्पादन कसं घडवतात यावर ताकेउची आणि नोनाका यांनी १९८६ मध्ये एक लेख लिहिला. त्यात रग्बीच्या खेळाची उपमा होती. स्क्रम हे नाव तिथून आलं, आणि १९९५ मध्ये जेफ सदरलँड आणि केन श्वेबर यांनी स्क्रम जाहीरपणे मांडलं. डेमिंग यांच्या विचाराचं ऋण सदरलँड मानतात. कानबान तर थेट टोयोटाच्या कारखान्यातलं. २००१ च्या फेब्रुवारीत युटा राज्यात १७ जण जमले आणि अजाइल जाहीरनामा तयार झाला. छोटे टप्पे, ग्राहकाकडून परत येणारी माहिती, कामात दर्जा आधीपासून, टीमवर विश्वास: ही त्याच घराण्यातली मंडळी.

डेमिंग २० डिसेंबर १९९३ ला वॉशिंग्टनमधल्या घरी गेले. वय ९३. तब्येत पार ढासळली होती, तरी अगदी शेवटच्या महिन्यापर्यंत ते शिकवत होते.

मग आपण काय करायचं?

पहिलं म्हणजे, कामाला किती दिवस लागले हे मोजण्याबरोबरच ते किती दिवस नुसतं पडून होतं तेही मोजा. खरा खजिना तिथे असतो.

दुसरं, आकडे माणसांना क्रम लावायला वापरू नका, व्यवस्था समजायला वापरा.

तिसरं, रेट्रोत एकच बदल निवडा, काय होईल याचा अंदाज आधी लिहून ठेवा, आणि पुढच्या रेट्रोची सुरुवात तो अंदाज वाचून करा.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं: ज्याच्या हातात बजेट, परवानग्या आणि रेटिंग आहे त्याला टेबलावर आणा. तो नसेल तर १९४५ नंतरची अमेरिका होते. तो असेल तर १९५० चा जपान व्हायची निदान शक्यता असते.

आमच्याकडे काय झालं? मॅनेजरसाहेबांनी टीमला स्वतंत्र टेस्टिंग एन्व्हायर्नमेंट मिळवून दिलं, त्याला चार महिने लागले. त्यानंतर काम ग्राहकापर्यंत लवकर पोचायला लागलं, आणि स्टँड-अपला बोलण्यासारखं काहीतरी असायला लागलं. वार्षिक रेटिंग काही बंद झालं नाही. ते माझ्या हातात नव्हतं. पण माणसांचा क्रम लावणारा तो तक्ता माझ्या हातात होता, तो मी पुसून टाकला.

त्या टेस्टरला मी फोन केला. झालेला हिशोब सांगितला आणि चूक माझी होती हेही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण त्याचं ते वर्ष काही परत येणार नव्हतं. म्हणून हा लेख. तुमच्या हातात असा एखादा तक्ता असेल, तर पुढच्या मूल्यांकनाच्या आधी त्यातल्या तळाच्या माणसाचं काम कुठे अडकतंय ते एकदा जाऊन बघा.